विंडोजचं अपडेट फसलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरच्या कॉम्प्युटरसाठी आहे. विंडोज १० किंवा ११, घरात एकच मशीन, त्यावर मुलांचा अभ्यास, दहा वर्षांचे फोटो आणि कुणाचे तरी हिशेब. ऑफिसनं दिलेला लॅपटॉप असेल तर यातलं काहीही न करता तिथल्या आयटीवाल्यांना फोन लावा.

मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती इथं उच्चारानं लिहिली आहेत. कमांडही तशाच दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. अपडेट फसलं म्हणजे विंडोज गेलं असं नाही. मशीन दुकानात नेलं की ‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे उत्तर पटकन मिळतं, कारण दुकानदाराला ते सोपं पडतं: तासाभरात मशीन हातावेगळं होतं. तुमचा मात्र पुढचा आठवडाभर प्रिंटर, फॉन्ट, पासवर्ड आणि सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात जातो. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे आणि बहुतेकांवर तिथपर्यंत जायची वेळ येत नाही.

‘वर्किंग ऑन अपडेट्स ३५ टक्के’ असं कधीपासून दिसतंय. बंद करू का?

घाई नको. तो आकडा वेळ दाखवत नाही, टप्पे दाखवतो. ३५ वर पाऊण तास थांबून पुढचे चाळीस टक्के झरकन जाणं नेहमीचंच आहे. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मोठं अपडेट दोन-तीन तास सहज खातं, एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, तेवढंच काम पुष्कळदा तासाच्या आत उरकतं. माझा ठोकताळा असा: एसएसडी असेल तर दोन तास थांबा, हार्ड डिस्क असेल तर चार. रात्रभर तसंच ठेवलं तरी बिघडत नाही. लॅपटॉपचा चार्जर तेवढा लावलेला असू द्या.

एवढं थांबूनही आकडा आणि दिवा दोन्ही ढिम्म असतील, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून मशीन बंद करा. कीबोर्ड आणि माऊस सोडून बाकी सगळं काढा आणि पुन्हा चालू करा.

अपडेट चालू असतानाच लाइट गेली. आता?

लाइट आली की एकदा चालू करा आणि मशीनला त्याचं त्याचं आवरू द्या. विंडोज बदल टप्प्याटप्प्यानं करतं आणि मागे फिरायची वाट राखून ठेवतं, त्यामुळे बहुतेक वेळा ते एकतर काम पूर्ण करतं नाहीतर आधीच्या स्थितीत परततं. खरा घोळ लाइटीपेक्षा नंतरच्या चालू-बंद-चालू-बंदमुळे होतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्या भागात महावितरणच्या दुरुस्तीचा वार ठरलेला असेल, तर त्या सकाळी अपडेट लावू नका, एवढंच.

‘अनडूइंग चेंजेस’ असं आलं आणि जुनंच विंडोज सुरू झालं. काही बिघडलं का?

नाही. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे: अपडेट बसलं नाही आणि विंडोजनं स्वतःहून आवराआवर केली. पण पुन्हा ‘रिट्राय’ दाबण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा आणि तिथं ‘अपडेट हिस्टरी’ बघा. फसलेल्या अपडेटपुढे ‘केबी’नं सुरू होणारा नंबर आणि एक एरर कोड दिसेल. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचे काही उपाय केल्यावर ही यादी कोरी होते आणि मग नेमकं काय फसलं होतं ते आठवत बसावं लागतं.

त्या एरर कोडवरून काही कळतं का?

कळतं, आणि तेच लोक वाचत नाहीत. सगळ्या कोडची सुरुवात ‘शून्य एक्स’नं होते, म्हणून इथं फक्त पुढचा भाग देतोय.

८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. एवढंच. यासाठी कुठलंही ‘रिपेअर टूल’ उतरवू नका.

८००७२ईई२ आलं तर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही. नेट, व्हीपीएन किंवा फायरवॉल तपासा. ८००७२एफ८एफ दिसलं की आधी घड्याळाकडे बघा. जुन्या डेस्कटॉपमधली सीआर२०३२ नावाची गोल बॅटरी संपलेली असते, मशीन दरवेळी कुठल्या तरी जुन्याच वर्षात जागं होतं, आणि तारीख चुकली की सर्व्हरचं प्रमाणपत्र विंडोजला खोटं वाटतं. बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते. ती बदलून तारीख नीट लावली की अपडेट सुरळीत होतं.

८००७३७१२ आणि ८००एफ०८१एफ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या कोठारात काहीतरी खराब झालंय किंवा हरवलंय. त्यावरचा उपाय खाली डिस्मच्या प्रश्नात आहे. ८००७००२० म्हणजे लागणारी फाइल दुसऱ्याच प्रोग्रॅमनं धरून ठेवलीय, बहुधा अँटिव्हायरसनं. सी१९००१०१ नं सुरू होणारे कोड ड्रायव्हरकडे, म्हणजे प्रिंटर, वाय-फाय वगैरेंना विंडोजशी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, बोट दाखवतात. ८००७०६४३ ची गोष्ट वेगळी आहे, तिला पुढे स्वतंत्र प्रश्न दिलाय.

सी ड्राइव्ह लाल झालाय, पण डी आणि ई रिकामे आहेत. तरी जागा कशी नाही?

आपल्याकडे मशीन असेंबल करताना डिस्कचे तीन तुकडे पाडायची जुनी पद्धत आहे. सीला ८०-१०० जीबी, बाकीची जागा डी आणि ई मध्ये. हेतू असा की फॉरमॅट मारलं तरी डी वरचा डेटा राहावा. पण विंडोजला अपडेटसाठी लागणारी जागा सी वरच लागते. डी वर ४०० जीबी मोकळी असली तरी तिचा उपयोग नाही. मासिक अपडेटला काही जीबी पुरतात, वर्षाच्या मोठ्या अपडेटला मात्र २० जीबी तरी मोकळी ठेवा.

सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं आत जा. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’, ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’वर टिक करून काढून टाका. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक केलीत तर बँकेची स्टेटमेंटं, मुलांचे हॉल तिकीट, जे काही तिथं साठलं असेल ते सगळं जाईल. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ दिसत असेल तर त्यातून भरपूर जागा सुटते, पण ते काढलं की आधीच्या आवृत्तीवर परतायची सोय संपते. तशीही ती सोय मोठ्या अपडेटनंतर फक्त दहा दिवसच असते.

एवढं करून भागलं नाही तर फोटो आणि व्हिडिओ डी वर हलवा. व्हॉट्सअ‍ॅपचं डेस्कटॉप अ‍ॅप वापरत असाल तर त्यातले आलेले व्हिडिओ सी वरच साठतात, तेही बघा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’चं फोल्डर उचलून डी वर टाकायचा प्रयोग मात्र करू नका.

कोड काहीच सांगत नाही. सुरुवात कुठून करू?

जे फुकट आणि निरुपद्रवी आहे तिथून. आधी रीस्टार्ट; शटडाउन करून चालू करणं वेगळं, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पुरतं बंद होतच नाही. मग तारीख-वेळ बघा. मग बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता काढून टाका. नुसता थांबवून पुष्कळदा उपयोग होत नाही, आणि तो काढल्यावर विंडोजचा डिफेंडर आपोआप सुरू होतो, त्यामुळे मशीन उघडं पडत नाही. मग सेटिंग्जमधल्या ‘ट्रबलशूट’मध्ये ‘अदर ट्रबलशूटर्स’ उघडून ‘विंडोज अपडेट’ चालवा. तो दर वेळी बरा करतोच असं नाही, पण बिघडवत तरी नाही.

इतकं करून अपडेट पुन्हा लावा. तेच फसलं तर पुढच्या प्रश्नाकडे या.

‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ फोल्डर काढून टाका असं सगळे सांगतात. ते सुरक्षित आहे का?

हो, पण डिलीट करण्यापेक्षा नाव बदललेलं बरं. उतरवलेली अपडेटं विंडोज या फोल्डरमध्ये ठेवतं. एखादी फाइल अर्धवट उतरली असेल तर दर वेळी तीच खराब फाइल उघडली जाते आणि दर वेळी तोच कोड येतो.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ टाइप करा. यादीत ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ शोधून दोन्हींवर उजवी क्लिक करून ‘स्टॉप’ करा. आता सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरात जाऊन ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’च्या नावापुढे ‘ओल्ड’ जोडा. फाइल वापरात आहे अशी तक्रार आली तर मधल्या काळात सर्व्हिस आपोआप पुन्हा सुरू झालेली असते. परत थांबवा आणि लगेच नाव बदला. मग रीस्टार्ट. विंडोज त्याच नावाचं नवं फोल्डर तयार करतं आणि सगळं पहिल्यापासून उतरवतं. अपडेट हिस्टरीची यादी आता कोरी दिसेल, घाबरू नका. बसलेली अपडेटं जागच्या जागी आहेत. आठवडाभर सगळं ठीक चाललं की जुनं फोल्डर उडवा.

डिस्म आणि एसएफसी म्हणजे काय? आणि कुठलं आधी?

दोन्ही विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड. आधी डिस्म, मग एसएफसी. पुष्कळ ठिकाणी उलट सांगतात. एसएफसी खराब झालेली फाइल बदलताना चांगली प्रत विंडोजच्या कोठारातून घेतं. कोठारच किडलेलं असेल तर एसएफसी काय करणार? डिस्म ते कोठार दुरुस्त करतं, त्यासाठी ताज्या फाइली नेटवरून आणतं.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, उजवी क्लिक, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. मग:

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ

प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडायची. आकडा ६२.३ टक्क्यांवर येऊन थांबला तर खिडकी बंद करू नका. तिथं तो कुणाकडेही थांबतो, जुन्या मशीनवर जरा जास्तच. पूर्ण झालं की:

एसएफसी /स्कॅननाऊ

शेवटी तीनपैकी एक वाक्य येतं. ‘डिड नॉट फाइंड’ म्हणजे खोट नव्हतीच. ‘सक्सेसफुली रिपेअर्ड’ म्हणजे होती आणि दुरुस्त झाली. रीस्टार्ट करून अपडेट लावा. ‘अनएबल टू फिक्स सम’ आलं तर रीस्टार्ट करून एसएफसी आणखी एकदा चालवा. पुन्हा तेच आलं तर खालच्या ‘फॉरमॅट न करता’ या प्रश्नाकडे वळा.

एक शंका मनात ठेवा. मशीन महिनोन्‌महिने मंद होत चाललंय, फाइल उघडताना टकटक आवाज येतो, आणि दुरुस्त केलेल्या फाइली पुन्हा खराब निघतात, अशी तिन्ही लक्षणं असतील तर दोष अपडेटचा नाही. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. तेव्हा अपडेट बाजूला ठेवा आणि आधी डेटा बाहेर काढा.

विंडोज १० वर ८००७०६४३ सारखं येतंय. सगळं करून झालं.

कारण यात तुमच्याकडे बिघडलेलं काही नसू शकतं. ९ जानेवारी २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं केबी५०३४४४१ हे अपडेट सोडलं. ते मुख्य विंडोजसाठी नव्हतं. मशीन सुरू होईनासं झालं की जे दुरुस्तीचं छोटं विंडोज उघडतं, त्यातली बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) एक त्रुटी बुजवण्यासाठी होतं. हे छोटं विंडोज डिस्कवरच्या वेगळ्या, लपवलेल्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये राहतं. अपडेटला तिथं २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि असंख्य मशीनवर ते पार्टिशनच जेमतेम ५०० एमबीचं होतं. खरं तर ‘रिकव्हरी पार्टिशन लहान आहे’ असा निरोप यायला हवा होता. आला तो ‘इन्स्टॉल फेल्युअर’ असा मोघम कोड. सी ड्राइव्ह साफ करून, डिस्म चालवून लोक थकले आणि काही फरक पडला नाही, तो यामुळे.

मायक्रोसॉफ्टनं यावर हातानं करायचा उपाय दिला: सी थोडा आकसायचा आणि रिकव्हरी पार्टिशन मोठं करायचं. यात ‘डिस्कपार्ट’ वापरावं लागतं, आणि तिथं एक नंबर चुकला की भलतंच पार्टिशन उडतं. डिस्कची भाषा समजत नसेल तर हे काम जाणकाराकडून, बॅकअप घेऊनच करून घ्या. बिटलॉकर वापरतच नसाल तर हे एक अपडेट फसत राहिलं म्हणून दरमहाची बाकीची सुरक्षा अपडेटं अडत नाहीत.

हा कोड इतर अपडेटांनाही येतो. म्हणूनच केबी नंबरचा फोटो काढायला सांगितलं.

मोठं अपडेट ८०-९० टक्क्यांपर्यंत जातं आणि मागे फिरतं. कोड सी१९००१०१ चा.

कुठला तरी ड्रायव्हर नव्या विंडोजला मानवत नाही. आधी यूएसबीला जे जे लावलंय ते काढा: प्रिंटर, वेबकॅम, बाहेरची डिस्क, वाय-फायची पिन. आणि डोंगल, म्हणजे विकत घेतलेलं सॉफ्टवेअर चालावं म्हणून लावून ठेवायची किल्लीसारखी पिन. जुनी मराठी टायपिंगची आणि हिशेबाची सॉफ्टवेअरं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या मशीनच्या मागे तो कित्येक वर्षं तसाच खोचलेला असतो. त्याचा ड्रायव्हर एखाद्या जुन्या विंडोजच्या काळातला असतो आणि कुणाच्या लक्षातही नसतो. डोंगल काढणं पुरत नाही, त्याचा ड्रायव्हरही ‘अ‍ॅप्स’मधून काढावा लागतो. काढण्याआधी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तुमच्या विंडोजवर चालते का हे कंपनीला विचारा, नाहीतर अपडेट होईल आणि डीटीपीचं काम ठप्प होईल.

मग ग्राफिक्स आणि वाय-फायचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून ज्यांची जाहिरात होते ती सॉफ्टवेअरं नकोत.

मशीन सुरूच होत नाही. कंपनीचा लोगो येतो, गोल फिरतं, परत लोगो.

लोगो आला आणि गोल फिरायला लागलं की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं सलग दोन-तीनदा केलं की विंडोजला कळतं की आपण उभे राहत नाही, आणि ते ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा निळा पडदा आणतं. हे फक्त याच एका ठिकाणी मुद्दाम करायला सांगतोय, एरवी नाही.

तिथं ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. दोन पर्याय दिसतील. ‘क्वालिटी अपडेट’ म्हणजे दरमहाचं, ‘फीचर अपडेट’ म्हणजे वर्षाचं मोठं. जे नुकतंच बसत होतं ते काढा. यात तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. जमलं नाही तर त्याच पानावर ‘स्टार्टअप रिपेअर’, नंतर ‘सिस्टम रिस्टोर’. तेही हरलं तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून सेफ मोडमध्ये शिरून डेटा पेनड्राइव्हवर घ्या.

‘रीसेट धिस पीसी’ हे बटण सगळ्यात ठळक असतं, म्हणून लोक तेच आधी दाबतात. त्यातल्या ‘कीप माय फाइल्स’मध्ये फाइली राहतात, बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम सगळे जातात. ते शेवटी.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागतंय. मी तर कधी काही लॉक केलं नव्हतं!

तुम्ही नाही केलं, विंडोजनं केलं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीवरही. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर कित्येक मशीन अशीच की मागत उभी राहिली होती.

मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तुमच्या खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये मशीनचं नाव निवडा आणि ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ बघा. पडद्यावरच्या ‘की आयडी’ची सुरुवातीची आठ अक्षरं जुळतायत ती की टाका. खात्यात की सापडत नाही याचं एक नेहमीचं कारण: मशीन दुकानदारानं त्याच्याच ईमेलनं सुरू करून दिलेलं असतं, आणि की जाऊन बसते त्याच्या खात्यात. त्याला फोन करा. की कुठेच नसेल तर डिस्कवरचा डेटा मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही. आत्ता मशीन नीट चालू असेल तर हे वाचणं थांबवा, की शोधा, कागदावर लिहा आणि लाइट बिलांच्या फाइलीत ठेवा.

अपडेट बसलं, पण वाय-फाय गायब झालं.

मोबाइल यूएसबी केबलनं जोडा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मशीनला लगेच नेट मिळतं. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वाय-फायच्या नावावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकट असेल तर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. आवाज किंवा कॅमेरा गेला तरी रीत हीच. पडदा काळा आणि फक्त माऊसचा बाण दिसत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा; ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागेवरच पुन्हा सुरू होतो.

अपडेटनंतर पासवर्ड घेत नाहीये, शंभर टक्के बरोबर असून.

पासवर्डच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली भाषा बघा. तिथं मराठी असेल तर तुम्ही देवनागरीत पासवर्ड टाकताय आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाहीये. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या.

फॉरमॅट न करता विंडोज नव्यानं बसवता येतं?

येतं, आणि दुकानात जाण्याआधी हे करायलाच हवं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथं ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ आहे. तिथलं ‘रीइन्स्टॉल नाऊ’ दाबलं की चालू आवृत्तीच नव्यानं बसते. फाइली, प्रोग्रॅम, सेटिंग्ज तशीच राहतात. विंडोज १० वर, किंवा हा पर्याय दिसतच नसेल तर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (एकाच फाइलीत अख्खं विंडोज) घ्या. चालू विंडोजमध्येच तिच्यावर डबल क्लिक करा, ‘सेटअप’ चालवा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडा.

हा पर्याय फिकट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा भाषेचा घोळ असतो. ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ या विंडोजच्या लेखी दोन वेगळ्या भाषा आहेत. मशीनवर एक आणि आयएसओ दुसरी असेल तर अ‍ॅप्स राखता येत नाहीत. योग्य भाषेची फाइल घेऊन पुन्हा सुरू करा.

माझे फोटो तर सुरक्षित आहेत ना?

फसलेल्या अपडेटमुळे फोटो जाणं क्वचितच घडतं. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट यशस्वीपणे बसल्यावर काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइली पुसल्या गेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा सोडावं लागलं. डी ड्राइव्हवरची प्रत हा बॅकअप नव्हे. डिस्क एकच आहे, ती गेली की सी-डी-ई तिन्ही जातात. बाहेरची डिस्क घ्या, आणि प्रत झाल्यावर केबल काढून ठेवा.

दुकानदारानं विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट करून’ दिलंय. त्यामुळे अपडेट फसतं का?

फसू शकतं. चोरीचं विंडोज चालू ठेवणारी सॉफ्टवेअरं सिस्टमच्या फाइलींत हात घालतात, डिफेंडरला गप्प करतात आणि काही तर अपडेटच बंद करून टाकतात. त्यावर वरचे उपाय करत बसणं वाया आहे. पण एक गोष्ट तपासा: लॅपटॉप विंडोजसकट विकत घेतला होता का? तसं असेल तर अस्सल होम आवृत्तीची की त्याच्या मदरबोर्डमध्येच असते. कुणीतरी मधे वरून चोरीचं प्रो चढवलेलं असतं. डेटा काढून होम आवृत्ती स्वच्छ बसवली की ती पैसे न भरता आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. फॉरमॅट मारा असं मी इथं मात्र आपणहून सांगेन.

‘तुमचं विंडोज धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा’ असा पडदा आला.

तो विंडोजचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझरचा पडदा आहे. ऑल्ट आणि एफ४ नं बंद करा, नाहीतर रीस्टार्ट. अपडेटचा एरर कोड शोधताना वरच्या जाहिरातीतला ‘हेल्पलाइन’ नंबर लावला तरी तोच सापळा असतो: दुरून कॉम्प्युटर बघायचं अ‍ॅप घ्यायला सांगतात आणि मग बँकेत लॉगिन करायला. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, त्याच मिनिटाला.

मुलगी परगावी आहे. तिला तिथून दुरुस्त करता येईल?

विंडोज सुरू होत असेल तर येईल. दोन्हीकडे ‘क्विक असिस्ट’ उघडा. मुलीनं तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून कोड सांगायचा, तो इकडे टाकायचा. परवानगी मागणारी खिडकी आली की तिला ती दिसेलच असं नाही, तेव्हा ‘येस’ इकडून दाबावं लागतं. रीस्टार्ट झालं की पुन्हा कोड. निळ्या पडद्यावर मात्र याचा उपयोग नाही. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा पडद्याकडे धरा, आणि ती सांगेल तेवढंच दाबा.

विंडोज १० चं अपडेट येणंच थांबलंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल तर ‘विंडोज अपडेट’च्या पानावर जादा सुरक्षा अपडेटांची नावनोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू केला तर पैसे लागत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. टीपीएम पुष्कळदा असतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं असतं. जुन्या प्रोसेसरवर आडमार्गानं ११ चढवता येतं, पण पुढची मोठी अपडेटं तिथं अडतात आणि तुम्ही पुन्हा याच पानावर येता.

त्यापेक्षा अपडेट कायमचं बंद करून टाकलं तर?

नका करू. थोडं थांबवा, ते पुरतं. दरमहाचं अपडेट अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सुटतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात, म्हणून ते बुधवारी सकाळी नेमकं कामाच्या वेळी समोर येतं. ‘पॉज अपडेट्स’मध्ये एक आठवडा निवडा. तेवढ्यात त्या अपडेटमध्ये खोट असेल तर जगभर बोंब झालेली असते. महिन्याच्या शेवटी ‘प्रीव्ह्यू’ म्हणून ऐच्छिक अपडेट येतं, ते घेऊच नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, म्हणजे दिवसाचा डेटा अपडेटमध्ये संपणार नाही. विंडोज ११ मध्ये पॉज पाच आठवड्यांपर्यंत चालतो, आणि मुदत संपली की आधी अपडेट घ्यावंच लागतं, मगच पुन्हा थांबवता येतं.